एकोणीस ठिपके

तिने पडद्यावरचं चित्र आठपट मोठं केलं आणि पेन्सिलीच्या टोकाने रेघेचे आडवे ठिपके मोजले. एकोणीस. चष्मा काढला, ओढणीच्या टोकाला पुसला, पुन्हा मोजले. एकोणीसच.

बाकीच्या शीटवर प्रत्येक हद्दीची रेघ तीन ठिपक्यांची होती. शाई जरा पसरली असेल तिथे फार तर चार. भूखंड बावीस आणि भूखंड तेवीस यांच्यामधली तेवढी एक रेघच अशी सुजल्यासारखी होती. या नकाशात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. एकोणीस ठिपके म्हणजे एक मीटर वीस. चार फुटांना जरासं कमी. एवढी जाड रेघ कोणी चुकून काढत नाही, आणि काढली तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नाहीत.

अकरा वर्षं ती नकाशा कार्यालयात हेच करत होती. जुने कागदी नकाशे स्कॅन होऊन टिफ फाइलींच्या रूपात तिच्याकडे येत आणि त्यांच्यावरून माउसने रेघा ओढून ती त्यांचा व्हेक्टर नकाशा करी. ऑफिसात तिला रेघाताई म्हणत, आणि तीही आता त्या हाकेला मान वळवी. नव्याने आलेल्यांना ती सगळं काम तीन वाक्यांत सांगून मोकळी होई. स्कॅनमध्ये रेघ नसतेच, एकमेकांना खेटून बसलेले काळे ठिपके असतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, नुसता हुकूम असतो, इथून तिथपर्यंत. आणि हुकुमाला लांबी असते, जाडी नसते.

म्हणून नियम असा की रेघ कितीही जाड असो, आपण तिच्या मधोमध जायचं. शेजारच्या दोन भूखंडांना हद्द एकच. दोन वेगळ्या रेघा पडून मध्ये जागा राहिली, तर तिला फट म्हणत, आणि फट म्हणजे चूक. महिन्यात तीन फटी झाल्या की पुढचं कंत्राट नाही. या महिन्यात तिच्या दोन झाल्या होत्या, त्याही स्कॅनिंगवाल्याच्या कृपेने. जागा वाचवायची म्हणून त्याने एक अख्खा गठ्ठा जेपेग करून ठेवला होता. कोंबून ठेवलेला कपडा पसरला तरी सुरकुत्या जात नाहीत, तशी त्या शीटांवर प्रत्येक रेघेभोवती करडी धूळ बसलेली. त्या धुळीत हद्द शोधता शोधता तिचा दोनदा हात चुकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ती तेव्हा पुटपुटली होती. ऐकायला कोणी नव्हतं.

ही शीट मात्र टिफ होती, आणि स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की आणखी मोठं केल्यावर तिला दिसलं, ते एकोणीस ठिपके सारखे काळे नव्हते. डाव्या कडेला तीन ठिपके गडद, उजव्या कडेला तीन गडद. मधले तेरा किंचित फिके, त्यांत कुंचल्याचा फराटा. म्हणजे कोणीतरी आधी नेहमीसारख्या दोन बारीक रेघा काढल्या होत्या आणि मग मधली जागा शाईने भरून टाकली होती.

तिने शीटचा खालचा कोपरा उघडला. काढणाऱ्याची सही तिथे असे. ती सही तिच्या ओळखीची होती. तिच्या लग्नाच्या कागदांवर साक्षीदार म्हणून हीच होती. तिच्या सासऱ्यांची.

“शीट आज होईल ना?”

मागे तपासनीस उभा होता. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याच्या हातून काही निसटत नसे म्हणून सगळे त्याला पाठीमागे चाळणी म्हणत आणि तोंडावर साहेब.

“उद्या देते, साहेब.”

“उद्या नक्की द्या. मंजूर झाली की त्या लॉटच्या टिफ पुसायच्या आहेत. सर्व्हरवर श्वास घ्यायला जागा नाही.”

“आणि मूळ कागद?”

“ते तर मागच्या वर्षीच लगद्याला गेले,” तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

बावीस म्हणजे बेकरी, तेवीस म्हणजे छापखाना. ती गल्ली तिच्या रोजच्या जाण्यायेण्याची होती. बेकरी आणि छापखाना यांच्या भिंतींमध्ये चारेक फुटांची बोळकांडी होती. त्या बोळकांडीत एक बाई बॅगा शिवत बसे. गल्लीत तिला सगळे चेनवाली मावशी म्हणत, कारण कुठल्याही बॅगेची तुटलेली चेन ती उभ्या उभ्या बसवून देई.

संध्याकाळी रेघाताई मुद्दाम तिथे थांबली. बॅगेची चेन महिनाभर अडकत होतीच. मावशीने बॅग मांडीवर घेतली, चेनच्या धावणीला मेण लावलं आणि पकडीने तिचं तोंड हळूच दाबलं. मावशीच्या डोक्यावर पत्रा, मागे लाकडी फळी, फळीवर दुरुस्तीला आलेल्या बॅगा ओळीने. बसल्या जागेवरून दोन्ही हात पसरले तर एकाला बेकरीची गरम भिंत लागेल आणि दुसऱ्याला छापखान्याची, एवढीच जागा.

“तुम्ही नकाशाच्या ऑफिसात ना, ताई?” मावशीने मान वर न करता विचारलं.

“हो.”

“नवा नकाशा कधी येतोय?”

“का हो?”

“अहो, दोघं एकत्र चहा प्यायला लागलेत.” मावशीने पकडीनेच आधी डावीकडे, मग उजवीकडे दाखवलं. “चाळीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बेकरीवाला म्हणायचा जागा माझी, छापखानेवाला म्हणायचा माझी. आधी माझा बाप, मग मी, त्या भांडणातच बस्तान बसलं आमचं. परवा एका टेबलावर बघितलं दोघांना. म्हणतात, नवा नकाशा आला की काय ते एकदाचं ठरेल. रेघ मधून गेली तर दोन-दोन फूट वाटून घेऊ. याला मागचं दार काढायचंय, त्याला जनरेटर ठेवायचाय.”

“आणि तुम्ही?”

“मला कोण विचारतंय? भांडण होतं तोवर मी होते.” मावशीने चेन सर्रकन ओढून दाखवली. “झाली बघा. दुसरा कप्पाही उसवलाय, पण आज दोरा संपलाय. उद्या-परवा या. म्हणजे, मी असले तर.”

असं म्हणून ती हसली. रेघाताईला मात्र हसता आलं नाही. तिने पैसे दिले आणि निघाली. चालताना चेन दोनदा उगाच उघडून मिटून पाहिली.

घरी तिचे सासरे, अण्णा, खिडकीशी बसले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले त्याला सहा वर्षं झाली, तरी ते उजेडाकडे तोंड करूनच बसत. तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता आणि महिन्यातून दोन दिवस येई. बाकीचे अठ्ठावीस दिवस हे दोघं. तिने अण्णांच्या हातात चहाचा कप नीट धरवला आणि समोर बसली. इतकी दमली होती की प्रस्तावना करायचंही त्राण नव्हतं.

“अण्णा, तुमची एक शीट आलीय हातात. बेकरीच्या गल्लीची.”

“मग काय, शिकायला मिळालं असेल काहीतरी,” अण्णा म्हणाले. “काय ती रेघ होती माझी. केसाला केस.”

“बावीस-तेवीसच्या मध्ये एकोणीस ठिपके जाड आहे.”

अण्णांनी एक घोट घेतला.

“पेनाचा स्क्रू सैल झाला असेल.”

“दोन रेघा आहेत. मध्ये कुंचल्याने भरलंय. दिसतंय मला.”

“तुमच्या त्या मशीनला नको ते दिसतं,” ते म्हणाले. तिला वाटलं, विषय संपला. ती उठणार तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवायला जमीन चाचपली. तिने तो घेतला.

“मोजायला मीच गेलो होतो,” अण्णा म्हणाले. “बेकरीवाल्याचा बाप इकडून कागद नाचवतोय, छापखानेवाल्याचा तिकडून. दोघांचे कागद घेतले, गल्लीच्या दोन्ही टोकांकडून मापं घेत आलो. दोन्ही मापं खरी निघाली, आणि मध्ये चार फूट उरले. कोणाचेच नाहीत. तिथे एक बॅगा शिवणारा बसला होता. टेपेचं टोक धरायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्याच्या मुलीला धरायला लावलं. असेल सात-आठ वर्षांची.”

“मग तसंच का नाही दाखवलंत?”

“दाखवलं होतं. मोठे साहेब म्हणाले, कागदावर फट दिसता कामा नये, मधोमध रेघ ओढ आणि मिटव. दिवसभर हातात पेन घेऊन बसलो. मधोमध काही ओढवेना. शेवटी दोन्ही रेघा ओढल्या आणि मध्ये शाई भरली. साहेबांनी बघितली. फट दिसली नाही. सही करून टाकली त्यांनी.”

“आणि नंतर कोणाला सांगितलंत?”

“कोणी विचारलं तर सांगणार ना. रेघेच्या आत काय आहे, असं कोण विचारतं?”

तिला त्यांचा राग आला. चाळीस वर्षं मिरवलेल्या त्या केसाला केस रेघेचा आला आणि त्याहून जास्त या गोष्टीचा, की त्यांनी शाईत दडवून ठेवलेलं आता बरोबर तिच्याच पुढ्यात येऊन पडलं होतं. त्यांच्याकडे भरायला शाई होती. तिच्याकडे तीही नव्हती.

“तुमच्या नव्या रेघेची जाडी किती असते?” अण्णांनी विचारलं.

“नसते.”

“मग दिसते कशी?”

“दिसण्यापुरती देतो. खरी नसते.”

“जाडी नाही ती रेघ कसली,” अण्णा म्हणाले, आणि तोंड पुन्हा खिडकीकडे केलं. “मग तू मधोमधच घेणार असशील.”

ती भांडी घासायला उठली.

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचून तिने शीट उघडली. जुन्या नकाशांवर प्रत्येक भूखंडाच्या रस्त्याकडच्या बाजूशी मुंगीएवढ्या अक्षरांत लांबी लिहिलेली असे, आणि ओळीच्या शेवटी सगळ्या गल्लीची लांबी. तिने त्या ओळीतल्या सातही भूखंडांचे आकडे कागदावर उतरवले आणि बेरीज केली. साठ मीटर वीस. शेवटी अण्णांच्या हाताने लिहिलेला आकडा होता एकसष्ट मीटर चाळीस. एक मीटर वीस कमी. म्हातारा थापा मारत नव्हता. आकडे चाळीस वर्षं उघड्यावर पडले होते, फक्त कोणी बेरीज केली नव्हती.

तिने माउसवर हात ठेवला. मनगट रोजच्यासारखं ठणकत होतं. मधोमध जायचं तर दोन टिचक्यांचं काम होतं. वर एक, खाली एक. अकरा वर्षांत अशा टिचक्या तिने किती मारल्या असतील कोण जाणे, आणि त्यांतल्या कुठल्या रेघेत कोण बसलं होतं, तेही कोण जाणे. हा विचार तिला आवडला नाही. आता मागे जाऊन बघायला त्या टिफही उरल्या नव्हत्या.

तिने बाविसाची हद्द डाव्या गडद कडेवरून ओढली. तेविसाची उजव्या गडद कडेवरून. मध्ये लांबट, पांढरी, बिननंबराची जागा राहिली. बेरजेचा कागद घडी करून कीबोर्डखाली सरकवला आणि शीट तपासणीला पाठवली.

जेवणाच्या सुट्टीनंतर चाळणीने तिला बोलावलं. त्याच्या पडद्यावर तिची फट लाल रंगात लुकलुकत होती.

“तिसरी,” तो म्हणाला.

“हो.”

“तुम्ही अकरा वर्षं काम करताय. ही चुकून झालेली नाही.”

“नाही, साहेब.”

तिने बेरजेचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, मग कागदावर विश्वास न ठेवता शीटवरचे आकडे स्वतः पुन्हा वाचले आणि कॅल्क्युलेटरवर मिळवले. मग खालची टिफ चालू करून रेघेवर गेला. मोठी केली, आणखी मोठी केली. ओठ हलवत ठिपके मोजले. कडेचे तीन, मधले तेरा, कडेचे तीन. ती उभीच होती. त्याने तिला बसा म्हटलं नाही, कारण त्याच्या लक्षातच आलं नाही.

“हे काढलं कोणी?”

“माझ्या सासऱ्यांनी.”

“मग तुम्ही घरचं काम करताय, असं म्हणतील.”

“म्हणोत. बेरीज घरची नाही ना.”

तो खुर्चीत मागे टेकला आणि दोन बोटांनी डोळे चोळले. अशा किती शीटा त्याच्या डोळ्यांखालून जात असतील, हे तिने आजपर्यंत कधी मनात आणलं नव्हतं.

“फट ठेवून काय होणार होतं, ताई?” तो म्हणाला. “नंबर नसलेली जागा मशीन आपोआप बुजवतं. आज पाठवली असती, उद्या सकाळी मधोमध रेघ. तुम्हाला माहीत नाही का?”

तिला माहीत नव्हतं. ते तिच्या टेबलानंतरचं काम होतं. तिने खुर्चीची पाठ धरली.

चाळणीने कपाटातून नोंदवही काढली, तिच्या नावाचं पान उघडलं आणि स्वच्छ अक्षरात तारीख घालून लिहिलं: फट, एक.

“ही नोंद लावावीच लागते. सापडली की लावायची. मी एकदा सोडली की मग मला सोडायची सवय लागेल.”

“लावा.”

मग त्याने वही मिटली, माउस घेतला आणि लाल फटीच्या आत टिचकी मारली. एक चौकट उघडली. नंबराच्या रकान्यात त्याने बावीस-अ असं लिहिलं. लाल रंग गेला. बाकीच्या भूखंडांसारखाच एक फिका पिवळा तुकडा झाला, अरुंद आणि उभा. मालकाच्या रकान्यात त्याचं बोट थांबलं.

“काय लिहू?”

“मला काय माहीत, साहेब.”

“मलाही नाही,” असं म्हणून त्याने लिहिलं: माहीत नाही. तेच शेऱ्यातही लिहिलं, आणि पुढे बेरजेचे दोन्ही आकडे. “आता यातलं इंचभर जरी कोणाला हवं असेल, तर आधी मालक शोधावा लागेल. कोर्टात जाऊन.”

“शोधतील ते. बेकरीवाला आणि छापखानेवाला आता एकत्र चहा पितायत.”

“शोधू देत की. चहा एकत्र पितायत म्हणता ना? मालकी सिद्ध करायची वेळ आली की बंद होईल तोही.” तो पहिल्यांदाच जरासा हसला. “शीट मंजूर. जा तुम्ही.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

“ही एक टिफ मी ठेवतो. एवढ्या एका फाइलीने सर्व्हर काही बुडणार नाही.”

घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशीच होते. तिने बॅग खुंटीला लावली. अण्णांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे घट्ट ठेवले होते. निकालाच्या दिवशी मुलं ठेवतात तसे. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

“हात द्या.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. तिने तो उलटा केला आणि तळव्यावर नखाने वरून खाली एक रेघ ओढली. मग बोटभर अंतर सोडून दुसरी.

अण्णांनी डाव्या हाताच्या बोटाने दोन रेघांमधली जागा चाचपली. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

“आत काय भरलंस?”

“काही नाही. नंबर पडलाय तिला. बावीस-अ.”

“आणि तुला?”

“तिसरी नोंद. महिनाअखेरपर्यंत आहे काम.”

अण्णांनी मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण सासऱ्याने सुनेला जे म्हणायचं नसतं असं कित्येक वर्षं ठरलेलं, ते एका संध्याकाळी कसं निघणार. तळवा तसाच उघडा राहिला.

“त्या मुलीला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

कुठली मुलगी, हे तिच्या क्षणभर लक्षात आलं नाही. मग डोळ्यांसमोर मावशीचे पिकलेले केस आले, मेण लागलेली बोटं आली.

“उद्या जाणार आहे. बॅगेचा दुसरा कप्पा उसवलाय.”

“सांग,” अण्णा म्हणाले. “टेप घट्ट धरली होती तिने. ऊन होतं, दोन्हीकडचे लोक अंगावर ओरडत होते. मी म्हटलं होतं, मी सांगेपर्यंत हलू नकोस.”

त्यांनी उघडा तळवा हळूच मिटला.

“सांगायचं राहूनच गेलं.”